दीडशेला एक

स्टाफ सरळ धरा. पुढे झुकला तर आकडा चुकतो, मागे झुकला तरी चुकतो. चार मीटरची ही पट्टी, तिच्यावर सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणा, मधूनमधून लाल आकडे. साल १९९० संपत आलंय. कुडाळच्या बाहेर कापणी झालेल्या भाताच्या मळ्यात तुम्ही उभे आहात, पायाखाली खुंट टोचताहेत आणि पन्नास-साठ पावलांवर तिपाईवर लेव्हल लावून एक तरुण अभियंता दुर्बिणीला डोळा लावून बसलाय. त्याने हात वर केला की स्टाफ अगदी सावकाश पुढे-मागे डोलवायचा. तो दुर्बिणीतून सगळ्यात लहान आकडा कोणता दिसतो ते टिपतो, कारण पट्टी बरोब्बर उभी असते त्याच क्षणी आकडा सर्वांत लहान असतो. कललेल्या पट्टीवर आडवी रेघ नेहमी थोडी वर जाऊन लागते.

“ऱ्हव थय!” बांधावरून एक म्हातारे ओरडतात. मळा त्यांचा आहे. तुम्ही त्यांच्या कुळथाच्या वाफ्यात पाय टाकणार होतात. मग तेच जवळ येऊन विचारतात, “गाडी खरीच येतली मां?” आणि उत्तराची वाट न बघता सांगतात, “येतली म्हणान आमचो आजो सांगी.”

त्यांचा अविश्वास रास्त आहे. राजापूर मतदारसंघातून निवडून गेलेल्या बॅरिस्टर नाथ पैंनी लोकसभेत कोकण रेल्वेचा आग्रह धरला, ते १९७१ मध्ये गेले. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघाचे खासदार झालेले मधू दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते, तरी रूळ रोह्याच्या खाली सरकले नाहीत. आता १९९० मध्ये योग जुळून आलाय. दंडवते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. रोह्यापासून मंगळूरपर्यंत साधारण साडेसातशे किलोमीटरचा मार्ग आखायचा आहे. तुमच्या हातातली पट्टी हा त्यातला अगदी छोटा भाग, पण सगळ्याची सुरुवात तिच्यापासून होते.

अभियंत्याने लेव्हल बुक उघडलंय. जवळच्या एका दगडावर खूण आहे, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली आहे. आपण ती २४.३०० मीटर धरू. (आकडे या गोष्टीपुरते घेतले आहेत, रीत खरी आहे.) त्या दगडावर स्टाफ ठेवून दुर्बिणीतून आकडा आला १.८६०. म्हणजे दुर्बिणीची नजर २६.१६० मीटर उंचीवर आहे. आता ही नजर सगळीकडे त्याच पातळीत फिरणार, पाणसळीचा बुडबुडा मधोमध असेपर्यंत.

तुम्ही पहिल्या खुंटीवर, ‘अ’वर. आकडा २.४१०. जमिनीची उंची २६.१६० वजा २.४१०, म्हणजे २३.७५०.

मग साखळी धरून नव्वद मीटर पुढे, वर थोड्याशा टेकाडावर, ‘ब’. आकडा ०.९१०. जमीन २५.२५०.

इथे जरा थांबा. आकडा लहान झाला आणि जमीन उंच निघाली. नवीन माणूस इथेच गोंधळतो, कारण पट्टीवरचा आकडा जमिनीची उंची सांगत नाही, नजरेच्या पातळीपासून जमीन किती खाली आहे ते सांगतो. पायाखालची जमीन वर आली की नजर पट्टीला बुडाजवळ लागते.

आता हिशेब. ‘अ’पासून ‘ब’पर्यंत जमीन उभ्या दिशेने १.५ मीटर चढली, आडव्या दिशेने ९० मीटर पुढे गेली. १.५ भागिले ९०, म्हणजे १/६०. हा चढ.

दहावीच्या पुस्तकात, निर्देशक भूमितीच्या प्रकरणात, हेच सूत्र तुम्ही पाठ केलं होतं: दोन बिंदूंच्या ‘य’ निर्देशकांमधला फरक, भागिले ‘क्ष’ निर्देशकांमधला फरक. तेव्हा क्ष आणि य ही वहीतली अक्षरं होती. या मळ्यात क्ष म्हणजे साखळीने मोजलेलं आडवं अंतर आणि य म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. कोकण रेल्वेच्या प्रत्येक खुंटीला असे दोन आकडे आहेत. सबंध मार्ग म्हणजे बिंदूंची एक लांबलचक माळ.

तिसरी खुंटी, ‘क’. ‘अ’पासून २४० मीटरवर, टेकाड उतरून ओहोळाच्या काठाला. आकडा ३.११०, जमीन २३.०५०. ‘ब’पासून ‘क’पर्यंतचा चढ काढायचा तर २३.०५० मधून २५.२५० वजा करायचे. उत्तर उणे २.२. आडवं अंतर २४० वजा ९०, म्हणजे १५०. चढ उणे २.२ भागिले १५०, साधारण उणे १/६८. उणे चिन्ह आलं म्हणून दचकायचं कारण नाही, पुढे जाताना जमीन खाली गेली एवढंच ते सांगतं.

अभियंता वहीवरून मान वर करून विचारतो, “समजा ‘ब’ आणि ‘क’ची अदलाबदल केली, ‘ब’ऐवजी आधी ‘क’ घेतला, तर चिन्ह बदलेल?” तुम्ही मनात मोजता. वर २५.२५० वजा २३.०५०, अधिक २.२. खाली ९० वजा २४०, उणे १५०. भागाकार पुन्हा उणेच. कोणता बिंदू पहिला धरायचा हे तुमच्या मर्जीवर आहे, फक्त वर जो पहिला तोच खाली पहिला पाहिजे. वर एक क्रम आणि खाली दुसरा, अशी सरमिसळ झाली की चढाचा उतार होतो. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि प्रत्यक्ष कामात सरमिसळ झाली तर जिथे खोदायचं तिथे भराव पडेल.

मार्गाच्या चढाची अट एकाच आकड्यात बांधलेली आहे: दीडशेला एक. दीडशे मीटर पुढे जाताना रूळ एक मीटरपेक्षा जास्त वर किंवा खाली जाता कामा नये. रेषेचा चढ १/१५० च्या आत, म्हणजे दशांशात ०.००६७, कोनात बघितलं तर अर्ध्या अंशालाही कमी. वळणांनाही अशीच कडक अट आहे, त्रिज्या बाराशे पन्नास मीटरपेक्षा कमी नको. गाड्या ताशी १६० किलोमीटरने धावू शकाव्यात असा मार्ग मनात धरलाय आणि जड मालगाडीला जादा इंजिन न लावता चढता आलं पाहिजे.

‘अ’पासून दीडशेला एक असा चढ धरून सरळ रेषा ओढा. ‘क्ष’ मीटरवर रुळाखालच्या मातीची पातळी असेल २३.७५० अधिक क्ष/१५०. ‘ब’वर क्ष ९० आहे, भर ०.६, म्हणजे पातळी २४.३५०. जमीन तिथे २५.२५०. नव्वद सेंटिमीटर खोदायचं. ‘क’वर क्ष २४०, भर १.६, पातळी २५.३५०. जमीन २३.०५०. दोन मीटर तीस सेंटिमीटर भराव घालायचा. एकाच रेषेने एका जागी जांभा कापायला लावला आणि दीडशे मीटरवर तिलाच माती हवी आहे. कापलेला जांभा तिथेच भरायला जातो, म्हणून अभियंते रेषा थोडी वर, थोडी खाली सरकवत बसतात, खोदाई आणि भराव यांचा मेळ बसेपर्यंत. रेषा वर-खाली सरकली तरी चढ तोच राहतो, कारण समांतर रेषांचे चढ सारखेच असतात. हे दहावीच्या पुस्तकात एका ओळीत आहे. इथे त्या एका ओळीवर हजारो ट्रक मातीचा हिशेब चालतो.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी ओटीवर कंदिलाच्या उजेडात लांब कागद पसरलाय, मार्गाचा उभा छेद. तुम्ही बघता तर हादरता. डोंगर सुळक्यांसारखे, ओढे विहिरींसारखे खोल आणि दीडशेला एक म्हणून ओढलेली रेषा जिन्यासारखी वर चढलेली. दिवसभर तर जमीन जवळजवळ सपाट वाटत होती.

कागदाच्या कडेची मोजपट्टी वाचा. आडव्या दिशेने एक सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर. उभ्या दिशेने एक सेंटिमीटर म्हणजे २ मीटर. तीनशे मीटर पुढे जाणं कागदावर सहा सेंटिमीटर, त्यात होणारी दोन मीटर चढण एक सेंटिमीटर. डोळ्याला दिसणारा चढ एकास सहा. खरा चढ दीडशेला एक. मोजपट्टी दोन्हीकडे सारखी ठेवली असती तर ही रेषा आडव्या रेषेपासून वेगळी ओळखूही आली नसती, खोदाई-भरावाचे मीटर-दोन मीटर कागदात हरवले असते. म्हणून उंची मुद्दाम ताणून काढतात. मला वाटतं शाळेत आलेख शिकवताना ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी: चढ डोळ्याने बघायचा नाही, अक्षांवरचे आकडे वाचून काढायचा. तोच आलेख कागदावर ताणला की मंद वाढ भयंकर दिसते आणि दाबला की भयंकर वाढ सौम्य दिसते. वर्तमानपत्रातले आलेख बघतानाही हाच नियम लागू.

मान वर करा. वरचं छप्पर जुनं आहे, आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे उतरलेत, त्यांच्यावर रीपा, रीपांवर मंगळुरी कौलं. छप्पर घातलं तो दिवस बघायचा तर साठ-पासष्ट वर्षं मागे जावं लागेल. जा.

मे महिना. जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्यात, आतमध्ये तुळया टाकल्यात. कौलं गलबतातून बंदरात उतरून बैलगाडीने आली आहेत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यापासून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोचली. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय आणि या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छप्पर फार निजतं ठेवलं तर पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं आत शिरेल. फार उभं केलं तर कौलं घसरतील आणि लाकूडही जास्त लागेल.

सुतार जमिनीवर बसलाय. तुम्ही त्याला विचारता, किती उतार ठेवणार? “दहाक सा,” तो म्हणतो. भिंतीपासून आढ्याच्या सरळ रेषेपर्यंत आडवं अंतर दहा फूट, आढं भिंतीपेक्षा सहा फूट उंच. सहा भागिले दहा, चढ ०.६.

आता त्याचं काम जवळून बघा. वासा जमिनीवर आडवा टाकलाय. वाशाचं टोक कोणत्या तिरक्या रेषेत कापायचं म्हणजे ते आढ्याला चपखल बसेल? सुतार काटकोनी गुण्या घेतो. गुण्याच्या एका बाजूवर दहा इंचांवर बोट ठेवतो, दुसऱ्या बाजूवर सहा इंचांवर. दोन्ही बोटांखालच्या खुणा वाशाच्या कडेवर टेकवतो आणि सहा इंचांच्या बाजूने खडूची रेघ मारतो. त्या रेघेवर करवत. वासा वर चढवला की कापलेलं टोक आढ्याच्या लाकडाला उभं चिकटतं, मध्ये नखही शिरत नाही.

दहा फुटांचं काम त्याने दहा इंचांत केलं. चढाची सगळी मेख इथे आहे. दहाला सहा म्हणजे इंचातही दहाला सहा, फुटातही, आढ्याजवळही, वळचणीजवळही. वाशाच्या कोणत्याही दोन जागा घ्या, जवळच्या किंवा लांबच्या, उभा फरक भागिले आडवा फरक काढा, ०.६ च येणार. वासा वाकडा असेल तर येणार नाही. रेषा सरळ आहे याचा अर्थच हा की तिच्यावर कुठेही मोजलं तरी चढ बदलत नाही. म्हणून मळ्यात आपण पहिल्या खुंटीपासून शंभर किलोमीटर दूरचीही पातळी सांगू शकलो असतो, रेषा न मोडता तिथवर गेली असती तर.

सुताराचा पोरगा एक चूक करतो आणि ती चूक शिकण्यासारखी आहे. तो वाशाची तिरकी लांबी मोजतो, पावणेबारा फुटांना जरा कमी, आणि सहाला तिने भागतो. येतं सुमारे ०.५१. बाप मान हलवतो, “आडव्यान भाग, वाश्यान न्हय.” चढ काढताना खाली नेहमी आडवं अंतर घ्यायचं, तिरकं कधीच नाही. तिरक्या लांबीने भागून येतं ते ज्या कोनाने वासा उभा आहे त्याचं ‘साईन’, आणि चढ असतो ‘टॅन’. रुळाच्या बाबतीत ही चूक लपून राहते, कारण दीडशे मीटर आडव्याला तिरकी लांबी जेमतेम तीन मिलिमीटर जास्त भरते. छपरावर मात्र कौलांच्या ओळी चुकतात.

या घरात चढाच्या सगळ्या जाती एकत्र सापडतात. पुढच्या अंगणातून घराकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा: डावीकडचं पाख चढतं, चढ अधिक ०.६. उजवीकडचं पाख उतरतं, चढ उणे ०.६. मधलं आढं आडवं, चढ शून्य, ते सुताराने पाण्याने भरलेल्या नळीने तपासलंय. आणि भिंतीची उभी कड ओळंब्यावर. तिचा चढ किती? उभ्या दिशेने दहा फूट, आडव्या दिशेने शून्य. दहा भागिले शून्य काढता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही. शाळेत शून्य चढ आणि न सांगता येणारा चढ यांची गल्लत करणारी मुलं खूप आहेत. त्यांना ओळंबा आणि पाण्याची नळी हातात द्यावी, दोन मिनिटांत फरक कळतो.

आणखी मागे, कोकणाबाहेर जरासं. १८६३. बोरघाट.

कर्जतच्या बाजूने गाडी खंडाळ्याकडे निघाली आहे आणि तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोंबले गेलात. घाटाचा मार्ग जेम्स बर्कले यांनी आखला. कामाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन काही आठवड्यांतच वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. कॉलऱ्याने या घाटात कितीतरी मजूर मेले.

घाटाची लांबी साधारण सोळा मैल, चढ एकूण १,८३१ फूट. सरासरी चढ काढा. घाईत १,८३१ ला सोळाने भागलंत तर उत्तर निरर्थक येईल, वर फूट आणि खाली मैल. आधी मैलांचे फूट करा: सोळा गुणिले ५,२८०, म्हणजे ८४,४८०. आता १,८३१ भागिले ८४,४८०, जवळजवळ ४६ ला १. पण घाटात सगळ्यात तीव्र टप्पा ३७ ला १ आहे. सरासरी सांगते की गाडी शेवटी किती वर पोचली. इंजिन दमतं ते सदतिसाला एक असलेल्या टप्प्यावर. घाटाचा मार्ग ही सरळ रेषा नाही, तुकड्या-तुकड्यांची रेषा आहे आणि तुकड्यांचे चढ वेगळे आहेत. दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेचा चढ मधल्या वाटेबद्दल फार थोडं सांगतो.

शंभर टनांच्या गाडीला चढावर मागे ओढणारं बल तिच्या वजनाच्या चढपट असतं, लहान चढांसाठी हे अगदी जवळचं उत्तर आहे. सदतिसाला एक म्हणजे २.७ टन. दीडशेला एक म्हणजे ०.६७ टन. चौपट फरक. म्हणून या घाटात गाडी वर ढकलायला मागे जादा इंजिनं लागतात, आजही लागतात, आणि १८६३ मध्ये खंडाळ्याजवळ एके ठिकाणी गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने निघते, कारण डोंगराच्या अंगावर वळायला जागाच नाही.

परतीच्या गाडीत बसा. तोच रूळ, तोच डोंगर, आणि आता सगळं उतरणीचं. मगाशी आपण म्हणालो बिंदूंचा क्रम बदलला तरी चिन्ह बदलत नाही आणि इथे तर चढाचा उतार झाला. दोन्ही खरं आहे. मळ्यात आपण आडवं अंतर मोजायची दिशा बदलली नव्हती, फक्त कोणता बिंदू आधी लिहायचा ते बदललं होतं. परतीच्या प्रवासात अंतर मोजायची दिशाच उलटली, क्ष-अक्ष उलटा झाला. अक्ष फिरवला की चिन्ह फिरतं. रुळालगतच्या चढ-उताराच्या खांबाला दोन बाहू का असतात ते यातून कळतं: एक जाणाऱ्याला सांगतो पुढे चढ आहे, दुसरा येणाऱ्याला त्याच आकड्याने सांगतो उतार आहे.

एक उडी आणखी, १८३० च्या दशकातली मुंबई. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये विशीतले बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवताहेत. ते आपल्याच बाजूचे, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि गणितवाले म्हणून विसरतो. चढ प्रत्येक जागी बदलत असेल, रेषा वक्र असेल, तर एका बिंदूपाशी चढ किती हे सांगणाऱ्या गणितावर त्यांनी मराठीत लिहिलं, ‘शून्यलब्धि’ या नावाने. कोकण रेल्वेला हे गणितही लागतं. दीडशेला एक चढणारा तुकडा आणि दीडशेला एक उतरणारा तुकडा थेट टोकाला टोक जोडला तर गाडीला तिथे धक्का बसेल, म्हणून मध्ये उभं वळण घालतात, जिथे चढ थोडा थोडा कमी होत शून्यावर येतो आणि मग उणे होतो. चौतिसाव्या वर्षी, १८४६ मध्ये, बाळशास्त्री गेले. त्यांच्या गावाच्या पूर्वेकडून रेल्वे धावायला अजून दीडशे वर्षं आहेत.

चला परत कुडाळला, १९९० चं दशक पुढे सरकलंय. स्टेशनची जागा आखली जाते आहे. इथे दीडशेला एकही चालत नाही. थांबलेला डबा आपोआप घरंगळू नये म्हणून यार्डातला चढ चारशेला एकपेक्षा जास्त नको आणि जमलं तर बाराशेला एक ठेवावा असा रेल्वेचा नियम आहे. सहाशे मीटर लांब यार्ड धरा. दीडशेला एक असता तर दोन टोकांत चार मीटरचा फरक पडला असता. बाराशेला एकमध्ये तो अर्धा मीटर. कोकणासारख्या मुलखात सहाशे मीटर जवळजवळ सपाट जमीन सापडत नाही, ती करावी लागते.

आणि ती का सापडत नाही ते नकाशा समोर घेतल्याशिवाय कळणार नाही. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी प्रत्येक नदी पश्चिमेला समुद्राकडे धावते. कुडाळची कर्ली देवबागला समुद्राला मिळते. दोन नद्यांमध्ये सह्याद्रीचा एक फाटा, तोही पूर्व-पश्चिम. रेल्वे मात्र उत्तर-दक्षिण जाणार. म्हणजे तिला प्रत्येक फाटा ओलांडायचा आहे आणि प्रत्येक खोरं उतरायचं आहे, एकामागून एक. जमीन साठ मीटर वर, साठ मीटर खाली अशी लाटांसारखी आणि रेषेला परवानगी फक्त दीडशेला एकची. साठ मीटर उंचीचा फाटा वरून ओलांडायचा तर चढायलाच साठ गुणिले दीडशे, नऊ किलोमीटर लागतील आणि उतरायला पुन्हा नऊ. एवढ्यात पुढची नदी येऊन जाते. बोरघाटाचा सदतिसाला एक चालला असता तर सव्वादोन किलोमीटरमध्ये माथा गाठता आला असता. तो चालणार नाही असं ठरलं, म्हणून डोंगर पोखरले आणि दऱ्यांवर पूल बांधले. नव्वदच्या वर बोगदे, त्यात रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. दीडशेच्या वर मोठे पूल, त्यात पानवलचा ६४ मीटर उंचीचा. इतका पैसा, इतकी वर्षं आणि कितीतरी कामगारांचे जीव एका लहानशा अपूर्णांकासाठी खर्च झाले आणि माझ्या मते तो अपूर्णांक लहान ठेवण्याचा निर्णय योग्यच होता. तो एकदा मोठा धरला असता तर नंतर कमी करता आला नसता, घाट कायमचा घाटच राहिला असता.

शेवटचा थांबा सावंतवाडीच्या खाली, गोव्यात पेडण्याला. बोगद्याच्या तोंडाशी उभे राहा. इथे कातळ नाही, पाण्याने भरलेली चिकणमाती आहे. खोदलं की वरून ओघळते, पुढे गेलं की मागे ढासळते. दीड किलोमीटरच्या या बोगद्याने वर्षामागून वर्षं घेतली, सगळा मार्ग जवळजवळ तयार झाला तरी हा अडून बसला. तुमच्या शेजारचा मुकादम वैतागून विचारतो, डोंगरावरून रूळ न्यायला काय झालं होतं? उत्तर तुम्हाला आता काढता येतं. माथ्याची उंची गुणिले दीडशे, आणि दोन्ही बाजूंना तेवढं अंतर हवं. एवढी जागा इथे नाही. २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग वाहतुकीला खुला झाला, या बोगद्यासकट.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, कोलाड ते वेर्णा अशी ट्रक वाहून नेणारी गाडी सुरू झाली. सपाट वाघिणींवर ट्रकांची रांग, एकेका ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बसलेला. त्यातला एक पंधरा टनांचा ट्रक घ्या. महामार्गावरच्या घाटात वीसला एक असा चढ धरला तर त्याच्या इंजिनाला नुसत्या चढासाठी ७५० किलोंच्या जोराने ओढावं लागतं. इथे दीडशेला एकवर त्याच्या वाट्याला येतात १०० किलो, आणि तेही ओढतंय रेल्वेचं इंजिन.